एकाच चार्जरची दोन उत्तरे

घरातल्या प्लगांकडे एकदा नीट पाहिले, तर आपण किती कन्व्हर्टरच्या सोबतीने राहतो हे ध्यानात येते. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, टीव्ही, वायफायचा राउटर, लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर, कमी वीज खाणारा नवा पंखा, आजोबांचा नेब्युलायझर या सगळ्यांच्या पोटात एक छोटे मंडळ असते. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज उपकरणाला मानवेल अशा ५, १२ किंवा १९ व्होल्टच्या एकदिश विजेत बदलणे, हे त्याचे काम. त्याला ‘पॉवर कन्व्हर्टर’ म्हणतात. उपकरण बंद पडले की आपण ‘जळाले’ म्हणतो आणि नवे आणतो. पुष्कळदा जळालेले असते ते हे मंडळच.

असे मंडळ बेतणाऱ्या अभियंत्याच्या हाताशी दोन साधने असतात. पहिले साधन म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेले टिपण, म्हणजेच ‘अ‍ॅप्लिकेशन नोट’. चिप कशी वापरावी, कोणता भाग किती मापाचा घ्यावा, त्यामागचे सूत्र कसे आले, हे त्यात पायरीपायरीने दिलेले असते. दुसरे साधन म्हणजे संगणकावरचा डिझाइन कॅल्क्युलेटर. चार रकान्यांत आकडे भरायचे, बटण दाबायचे, की भागांची यादी हजर. टिपण वाचायला एक दुपार लागते, कॅल्क्युलेटरला एक मिनिट. अडचण अशी, की एकाच चिपसाठी, एकाच गरजेसाठी ही दोन साधने वारंवार वेगवेगळी उत्तरे देतात. तफावत कधी दहा टक्क्यांची असते, कधी दुपटीची, कधी नऊ पटींची. ती का पडते आणि तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न केवळ अभियंत्यांपुरता नाही.

मंडळाचे काम समजायला विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणावा. गाडगे खाली पाण्यात भरते, वर येते, पन्हळीत रिकामे होते आणि पाणी हौदात साठते. कन्व्हर्टरमध्ये तारेची गुंडाळी, म्हणजे इंडक्टर, हे गाडगे आहे. स्विच चालू असताना त्यात ऊर्जा भरते, बंद होताच ती पुढे ओतली जाते. कपॅसिटर हा हौद. गाडगी थांबूनथांबून रिती झाली, तरी हौदातून धार एकसारखी यावी, यासाठी तो असतो. हा रहाट सेकंदाला हजारो, लाखो वेळा फिरतो. गाडगे केवढे, हौद केवढा आणि रहाटाचा वेग किती, एवढेच अभियंत्याला ठरवायचे असते. दोन उत्तरे निघतात ती इथेच.

उदाहरण म्हणून जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हातून गेलेली एक जुनी, स्वस्त चिप घेऊ. तिचे नाव एमसी ३४०६३. ती मूळ मोटोरोलाची. १९९९ मध्ये मोटोरोलातून वेगळ्या झालेल्या ऑन सेमिकंडक्टरकडे ती गेली आणि इतर कंपन्याही ती बनवतात. एएन ९२० हे तिचे गाजलेले टिपण. समजा, ५ व्होल्टपासून १२ व्होल्ट हवेत आणि १०० मिलिअँपिअर प्रवाह हवा. आदर्श जगात, जिथे स्विच आणि डायोड काहीच खात नाहीत, तिथे स्विच चालू राहण्याचा काळ बंद काळाच्या १.४ पट येतो आणि गुंडाळीतला कमाल प्रवाह ०.४८ अँपिअर. काही सोपे कॅल्क्युलेटर एवढ्यावरच थांबतात.

टिपणातले सूत्र मात्र तीन गोष्टी आणखी विचारते. स्विचवर किती व्होल्ट खर्ची पडतात? डायोडवर किती? आणि येणारा व्होल्टेज कमीत कमी किती होऊ शकतो? स्विचवर १ व्होल्ट, डायोडवर ०.८ व्होल्ट आणि ५ ऐवजी किमान ४.५ व्होल्ट धरले, की तोच काळ २.३७ पट होतो आणि कमाल प्रवाह ०.६७ अँपिअरवर जातो. म्हणजे ४० टक्के वाढ. आता ज्याने पहिल्या उत्तरावर विसंबून प्रवाहाची मर्यादा ०.४८ अँपिअरला बांधली, त्याचे काय होईल? त्याच सूत्राने उलट हिशेब केला, तर प्रत्यक्ष परिस्थितीत त्याला १०० ऐवजी जेमतेम ७० मिलिअँपिअर मिळतात. टेबलावर, ताज्या पुरवठ्यावर, हलक्या भाराखाली मंडळ छान चालते. बॅटरी उतरली आणि भार वाढला, की १२ व्होल्ट ढासळतात. मग दोष चिपवर जातो, नाहीतर ती विकणाऱ्या दुकानदारावर.

दुसरी तफावत हौदाच्या मापाची. स्विच चालू असताना गाडगे भरत असते, त्या वेळात बाहेरचा सगळा प्रवाह कपॅसिटरच पुरवतो. म्हणून मूळ भौतिकशास्त्राचा हिशेब सरळ आहे. प्रवाह गुणिले काळ, भागिले चालेल एवढी व्होल्टची थरथर. वरच्या उदाहरणात रहाटाचा वेग ५० किलोहर्ट्झ आणि थरथर १०० मिलिव्होल्ट धरली, तर उत्तर येते सुमारे १४ मायक्रोफॅरड. पण चिपच्या डेटाशीटमधल्या सूत्रांच्या तक्त्यात याच हिशेबाला ९ ने गुणलेले आहे. तिथे उत्तर येते सुमारे १२७ मायक्रोफॅरड. खऱ्या कपॅसिटरला अंतर्गत रोध असतो, मापात कमीजास्त असते, त्यामुळे हात सैल ठेवणे शहाणपणाचे आहेच. पण हे ९ नेमके कशासाठी, याचा खुलासा त्या तक्त्यात नाही. ज्या कॅल्क्युलेटरने तक्ता उचलला तो १२७ सांगतो, ज्याने मूळ हिशेब धरला तो १४ सांगतो. दोघांचीही बेरीज-वजाबाकी अचूक आहे. वापरणाऱ्याला मात्र यातला एक चुकीचा वाटतो, आणि बहुधा महाग असतो तो.

तिसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. तिथे कोणीच चुकत नाही आणि काही दडवतही नाही, फक्त आवड वेगळी असते. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायचे आहेत, प्रवाह २ अँपिअर, वेग ५०० किलोहर्ट्झ. गुंडाळीतल्या प्रवाहाची थरथर भाराच्या २० ते ४० टक्के ठेवावी, असा रूढ संकेत आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या प्राथमिक टिपणातही तो आहे. पण २० टक्के धरले तर १४.६ मायक्रोहेन्रीची गुंडाळी लागते आणि ४० टक्के धरले तर ७.३ ची. एका टोकाला मोठी, महाग, शांत गुंडाळी, तर दुसऱ्या टोकाला छोटी, स्वस्त, पण कपॅसिटरला जास्त राबवणारी. ही निवड अभियंत्याची आहे. कॅल्क्युलेटरने ती परस्पर करून टाकली आणि ‘७.३’ एवढेच छापले, तर निवड झाली होती याचाच पत्ता लागत नाही.

या स्तंभाच्या वाचकांना हा प्रकार नवा वाटू नये. उंची आणि वजन भरले की बीएमआय सांगणारे कॅल्क्युलेटर अनेकांनी वापरले असतील. भागाकार सगळीकडे सारखाच. पण बीएमआय २४ आला, तर एक कॅल्क्युलेटर ‘सामान्य’ म्हणतो आणि दुसरा ‘वजन जास्त’. पहिला २५ ही जागतिक सीमारेषा धरतो. दुसरा भारतीयांसाठी २००९ च्या तज्ज्ञ-सहमतीने सुचवलेली २३ ही रेषा धरतो, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी आणि मधुमेहाचा धोका वाढलेला दिसतो. गणित एकच, गृहीतक वेगळे आणि निष्कर्ष उलटा. मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा अंदाजही कोणते समीकरण वापरले यावर बदलतो. म्हणून चांगली प्रयोगशाळा अहवालात समीकरणाचे नाव छापते. विजेच्या कॅल्क्युलेटरकडून आपण एवढीही अपेक्षा का करू नये?

चौथे कारण ‘सर्वसाधारण’ या शब्दात लपलेले आहे. त्याच एमसी ३४०६३ मध्ये प्रवाहाची मर्यादा ठरवणारा रोध काढायला सूत्र ०.३ व्होल्ट हा आकडा वापरते. पण डेटाशीट उघडले, तर हा आकडा २५० ते ३५० मिलिव्होल्टच्या मध्यावरचा आहे. म्हणजे ज्या रोधाने आपण ०.६७ अँपिअरची मर्यादा बांधली असे समजतो, त्याच रोधावर एक चिप ०.५६ ला थांबेल आणि दुसरी ०.७९ पर्यंत जाईल. गुंडाळी नेमकी ०.६७ ला पुरेल अशी घेतली असेल, तर काही नग संपृक्त होतील, तापतील आणि मरतील. शंभर नगांत पाच परत येतात तेव्हा ‘माल खराब लागला’ असे म्हटले जाते. माल बहुधा ठीकच असतो, हिशेब मध्यावर थांबलेला असतो.

आणि पाचवे कारण भूगोलाचे. टिपणे जिथे लिहिली जातात तिथली वीज त्यांच्या आकड्यांत भिनलेली असते. धातूच्या लॅपटॉपला चार्जिंग चालू असताना हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, हा अनुभव पुष्कळांचा असेल. विजेतला गोंगाट दाबण्यासाठी भिंतीकडची बाजू आणि आपल्याकडची बाजू यांच्यामध्ये ‘वाय’ प्रकारचा एक छोटा कपॅसिटर बसवतात. त्यातून झिरपणारा अल्पसा प्रवाह हे त्या झिणझिण्यांचे कारण. हा कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा असेल आणि त्यावर पूर्ण पुरवठा येतो असे धरले, तर अमेरिकेच्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर झिरपणारा प्रवाह सुमारे ९९.५ मायक्रोअँपिअर येतो. आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर तोच १५९ होतो. घरगुती चार्जरला दोन्ही चालतील. पण वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या ‘आयईसी ६०६०१-१’ या आंतरराष्ट्रीय मानकात, उपकरण सुस्थितीत चालू असताना स्पर्शातून वाहणाऱ्या प्रवाहाची मर्यादा १०० मायक्रोअँपिअर आहे. म्हणजे एका देशात कागदावर तरी जेमतेम बसणारा तोच भाग दुसऱ्या देशात, रुग्णाच्या उशाशी, मर्यादेच्या दीडपट पुढे जातो. ‘देश कोणता?’ आणि ‘उपकरण कोणासाठी?’ हे दोन प्रश्न न विचारणारा कॅल्क्युलेटर इथे उत्तर देऊच शकत नाही. तरीही तो देतो.

भूगोल गावागावांतही बदलतो. चार्जरच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या कपॅसिटरसाठी ‘दर वॅटला १ मायक्रोफॅरड’ असा संकेत प्रचलित आहे. पण तो १९५ ते २६५ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आहे. ८५ व्होल्टपासून चालायचे असेल, तर हाच संकेत २ ते ३ मायक्रोफॅरड सांगतो. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की दिवे मिणमिणणारी गावे आपल्याकडे कमी नाहीत. पुरवठा १९५ वरून १६० वर आला, तर त्या कपॅसिटरमध्ये साठणारी ऊर्जा दोन तृतीयांशावर येते, कारण ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ‘२३० व्होल्ट’ हा पर्याय निवडून मिळालेले उत्तर शहरात बरोबर आणि गावात अपुरे ठरते, ते असे.

याची किंमत शेवटी ग्राहकाच्या घरात चुकती होते. कन्व्हर्टरमधला सर्वांत आधी म्हातारा होणारा भाग म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. तापमान दहा अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांना ८००० तास आणि ६५ अंशांना ३२,००० तास टिकावा. बंद काचेच्या झुंबरात बसवलेला एलईडी दिवा आणि उघड्या होल्डरमधला दिवा यांच्या आयुष्यात फरक पडतो तो यामुळे. हौद लहान निवडला, थरथर वाढली, की कपॅसिटर आतूनच जास्त तापतो आणि वरच्या आकड्यांची शिडी उतरू लागतो. खोक्यावर वर्षे छापलेली असतात, ती दिव्यातल्या एलईडीची. मंडळाची वर्षे छापायची पद्धत नाही. दिवा वर्षभरात गेला, तर आपण पैसे गमावतो आणि कचऱ्यात आणखी एका इलेक्ट्रॉनिक वस्तूची भर पडते.

सॉफ्टवेअरच्या एका उत्तरावर विसंबणे किती महाग पडू शकते, याचा दाखला वेगळ्या क्षेत्रातला, पण बोलका आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या खाडीत स्लाइपनर-ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीदरम्यान बुडाला. संगणकीय विश्लेषणात भिंतींवरचा कातरताण ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता आणि त्यामुळे भिंती पातळ राहिल्या. दुर्घटनेनंतर अधिक काळजीने विश्लेषण केले तेव्हा पाया ६२ मीटर खोलीवर निकामी होईल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर गेला होता. म्हणजे योग्य उत्तर देण्याची क्षमता त्या काळच्या साधनांतही होती. कमी पडले ते दुसऱ्या वाटेने ताडून पाहणे. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

याचा अर्थ कॅल्क्युलेटर फेकून द्यावेत असा अजिबात नाही. वेबेंचसारख्या कंपन्यांच्या अधिकृत साधनांनी हजारो भागांतून निवड करण्याचे, तापमानाचा आणि कार्यक्षमतेचा अंदाज देण्याचे मोठे काम सोपे केले आहे. हाताने तेवढे करायला आठवडे लागतील. उलट टिपणेही वेदवाक्य नसतात. ती जुनी होतात, त्यांच्या आवृत्त्या बदलतात, छपाईत घोटाळे राहतात, कंपन्या विकल्या जातात आणि कागद नव्या मालकाच्या बोधचिन्हाखाली फिरत राहतात. नॅशनल सेमिकंडक्टर २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाली, तेव्हा तिची टिपणे आणि वेबेंचही नव्या घरी गेले. अशा स्थलांतरानंतर कोणत्या कॅल्क्युलेटरमध्ये कोणत्या आवृत्तीचे सूत्र आहे, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून प्रश्न कोण खरे हा नाही. दोन उत्तरांमधली तफावत दिसली, की तिथे कोणते तरी गृहीतक लपले आहे असे समजून ते शोधले पाहिजे.

हे शोधणे सोपे व्हावे यासाठी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांनी उत्तरासोबत वापरलेले सूत्र, धरलेली गृहीतके आणि आधाराला घेतलेल्या टिपणाची आवृत्ती व तारीख छापावी. एकच आकडा न देता किमान आणि कमाल अशी कक्षा द्यावी. ‘९’ सारखे गुणक असतील, तर त्यांचे कारण एका ओळीत सांगावे. यासाठी नवे संशोधन लागत नाही, पडद्यावर चार ओळींची जागा लागते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांची जबाबदारी याहून मोठी आहे. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत ‘हा कपॅसिटर एवढाच का?’ या प्रश्नाला ‘कॅल्क्युलेटरने सांगितले’ हे उत्तर आजही खपून जाते. ते खपू नये. एकाच मंडळाचा हिशेब टिपणातून हाताने, कॅल्क्युलेटरने आणि ऑसिलोस्कोपवर मोजून अशा तीन वाटांनी करायला लावावा आणि गुण तिन्ही उत्तरे जुळण्याला न देता, ती का जुळली नाहीत हे सांगण्याला द्यावेत. मापन आणि गणित यांतला फरक समजावून सांगता येणारा विद्यार्थी उद्या कारखान्यात गेला, तर तो शंभरातले ते पाच नग बाहेर पडण्याआधीच पकडेल.

छोट्या उद्योगांनाही इथे फार खर्च नाही. नमुन्याचे मंडळ सर्वांत कमी व्होल्टेजवर, पूर्ण भाराखाली, बंद डबीत आणि मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात चालवून तापमान मोजावे. टेबलावरच्या पंख्याखाली घेतलेली चाचणी ही चाचणी नव्हे. अ‍ॅडॉप्टर आणि एलईडीच्या चालक मंडळांसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आपल्याकडे सक्तीची आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिचा भर मुख्यतः सुरक्षिततेवर आहे. दिवा किती वर्षे टिकेल, हे ती सांगत नाही. एलईडीबरोबरच चालक मंडळाचे अपेक्षित आयुष्य आणि ते कोणत्या तापमानाला मोजले, हे खोक्यावर छापण्याची सक्ती व्हायला हवी. तोवर ग्राहकाने नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा, हमीची पावती जपावी आणि बंद झुंबरासाठी दिवा घेताना दुकानदाराला तसे सांगून मग निवडावा.

पुढच्या काही वर्षांत विजेवरच्या गाड्या, छतावरचे सौर संच, घरगुती बॅटऱ्या यांची भर पडून आपल्या घरातले कन्व्हर्टर आणखी मोठे आणि आणखी शक्तिशाली होणार आहेत. ५ वॅटच्या चार्जरमध्ये गृहीतक चुकले तर शंभर-दीडशे रुपयांचे नुकसान होते. काही हजार वॅटच्या चार्जरमध्ये तेच चुकले, तर प्रश्न आगीचा असतो. दोन उत्तरे समोर आली, की सोयीचे उचलून पुढे जाण्याची सवय ५ वॅटवर परवडली. ती सोडण्याची वेळ मोठे आकडे घरात येण्याआधीची आहे.